मोठ्या मापाच्या माउंटचा भाव फुटावर नको, शीटवर काढा

फ्रेमच्या दुकानात रोजचं काम म्हणजे लग्नातला फोटो, देवाची तसबीर, पोराचं सर्टिफिकेट, घरातल्या वडीलधाऱ्यांचा हार घालायचा फोटो. याला माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला चित्राभोवतीचा पुठ्ठा, लावायचा म्हटलं तर भाव तोंडपाठ असतो, माप बघितलं की आकडा निघतो आणि तो बरोबरही असतो. मग एक दिवस कोणतरी चार फुटी चित्र गुंडाळून घेऊन येतंय आणि आपण त्याच सवयीनं चौरस फूट काढून भाव गुणतो. पैसे जातात ते तिथं. आणि गेलेले कळतही नाहीत, कारण बिल मोठं दिसतं.

सांगलीत अशी कामं वाटतात त्यापेक्षा जास्त येतात. नाट्यपंढरी म्हणतात गावाला, त्यामुळं जुन्या नाटक मंडळींचे ग्रुप फोटो मोठे करून लावणारी घरं आहेत, मिरजेकडनं तंबोरा-सतारवाल्यांच्या घरातले फोटो येतात, तालमींचे लांबच लांब फोटो, वंशावळी, गावनकाशे, कॉलेजची चित्रं. मी बरीच वर्षं ही कामं चुकीच्या भावात केली, म्हणून आता जी पद्धत बसलीय ती सगळी लिहितोय. कोण माउंट म्हणतं कोण मॅट, मी माउंटच म्हणणार.

एक आधी सांगतो, खाली रुपयांचे जे आकडे आहेत ते हिशेब समजावा म्हणून घेतलेत. तुमच्या खरेदीचा भाव घाला, पद्धत तीच राहील.

मोठं म्हणजे नेमकं किती

माउंट बोर्डाचा नेहमीचा शीट ३२ बाय ४० इंच आणि मोठा शीट ४० बाय ६० इंच. माझ्या हिशेबात ३२ बाय ४० मध्ये बसत नाही ते सगळं मोठं काम. पण शीटवर जे माप लिहिलेलं असतं ते पूर्ण वापरायला मिळत नाही. वाहतुकीत कोपरे दबलेले असतात, कडा मळलेल्या असतात, कधी कधी शीट गुण्यालाही (काटकोनात) नसतो. म्हणून मी प्रत्येक मापातनं अर्धा इंच सोडून देतो, लहान शीट ३१॥ (साडेएकतीस) बाय ३९॥ आणि मोठा ३९॥ बाय ५९॥. कागदावर बसतंय म्हणून भाव सांगितला आणि शीट उघडल्यावर कोपरा चेपलेला निघाला तर दुसरा शीट आपल्या खिशातनं जातो.

दुसरी मर्यादा आपल्या कटरची. कटर ४८ इंची असेल तर त्याच्या पुढचं काम लांब पट्टी दाबून हातानं कापावं लागतंय, त्याला वेळही जास्त आणि बिघडायची शक्यताही जास्त. तुमचा कटर किती लांबीचा आहे ते भावाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

माप घेणं

गिऱ्हाईक सांगतं ते माप लिहू नका, टेप लावा. प्रिंट २४ बाय ३६ ची आहे म्हणतात आणि मोजली की सूत दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) इकडं तिकडं असतेच. चारी बाजू मोजा आणि दोन्ही कर्ण मोजा, जुने फोटो बऱ्याचदा तिरके कापलेले असतात.

खिडकी चित्रापेक्षा लहान ठेवायची. लहान कामाला प्रत्येक बाजूनं एक सूत पुरतं, मोठ्या कामाला मी दोन सूत ठेवतो कारण मोठा कागद हवेप्रमाणं वाढतो आकसतो आणि पावसाळ्यात सूतभर दाब असेल तर खिडकीतनं कड बाहेर यायला वेळ लागत नाही. चित्र वरच्या कडेलाच दोन ठिकाणी अडकवायचं, खालून मोकळं. चारी बाजूंनी टेप मारला तर पहिल्या पावसाळ्यात लाटा येतात आणि मग गिऱ्हाईक म्हणतंय माउंट खराब.

आता २४ बाय ३६ ची प्रिंट घ्या. प्रत्येक बाजूनं दोन सूत म्हणजे खिडकी २३॥ बाय ३५॥. गिऱ्हाईकाला चार इंची बॉर्डर पाहिजे, तर बाहेरचं माप ३१॥ बाय ४३॥. लहान शीटात बसत नाही, मोठा शीट लागला. तीच बॉर्डर दोन इंच केली तर २७॥ बाय ३९॥, लहान शीटात बरोबर बसलं.

चौरस फुटात ही दोन मापं साधारण साडेसात आणि साडेनऊ, म्हणजे फरक पावपट. फुटाचा भाव लावणारा पावपट जास्त घेतो. पण आपण विकत आणतोय तो शीट लहान असला तर ८.८९ चौरस फूट आणि मोठा असला तर १६.६७ चौरस फूट, जवळजवळ दुप्पट. फुटाचा भाव सरळ रेषेत चढतो, आपला खर्च मात्र पायरी चढतो, एक इंच पुढं गेलं की पुढचा शीट. पुढचं सगळं ह्यावरच आहे.

शीटचा खरा खर्च

शीटचा खर्च म्हणजे दुकानात पोचेपर्यंतचा खर्च. समजा मोठा शीट १६०० रुपयांचा आहे. पाच शीट एकदम मागवले, ते प्लायच्या मध्ये बांधून सपाट आले, भाडं आणि बांधणी मिळून १२५० झाले, तर शीटमागं २५०, म्हणजे शीट पडला १८५० ला. एकच शीट मागवला आणि भाडं ६०० लागलं तर तोच शीट २२०० ला. हे लिहायला किरकोळ वाटतंय पण पावसाळ्यात हाच फरक पूर्ण नफा खातो.

पावसाळ्याचं म्हणाल तर २०१९ च्या ऑगस्टात आणि परत २०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी गावात आलं. पहिल्या वेळी खालच्या रॅकमधले माझे सगळे मोठे शीट गेले. लगदा झाला नव्हता, नुसते खालून चार बोटं ओले झाले होते, पण ओल वर चढली आणि एकही शीट कामाचा राहिला नाही. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी मोठे शीट साठवून ठेवत नाही, ऑर्डर आली की मागवतो, आणि त्या चार महिन्यांत भाव एका शीटच्या भाड्यानं काढतो. गिऱ्हाईकाला तसं सांगतो, लोक समजून घेतात, सांगलीत पाण्याचं कुणाला सांगायला लागत नाही.

मागवताना एक पाळा. डबल माउंट (एकावर एक दोन माउंट) असो वा जोडीनं लावायच्या दोन फ्रेमा, एकाच रंगाचे सगळे शीट एकाच लॉटमधले मागवा. मी एकदा दोन फ्रेमांसाठी एक शीट घरातला आणि एक नवा वापरला, दुकानात ट्यूबलाईटखाली दोन्ही सारखे, गिऱ्हाईकाच्या हॉलमध्ये खिडकीच्या उजेडात एक पांढरा आणि एक पिवळसर. काम परत करून दिलं, दुसरं काय करणार. त्या कामात मजुरीसुद्धा सुटली नाही.

मजुरी, जी कुणी धरतच नाही

माउंटला काय, चार कट मारायचे, असं बाहेरच्याला वाटतं. ४७ इंची कट एका दमात मारून बघा. हात टेबलाच्या कडेनं चालत न्यायचा, दाब कुठं कमी जास्त होऊ द्यायचा नाही, थांबला तर थांबल्याची खूण बेव्हलवर (कापाच्या तिरक्या कडेवर) कायमची. जुनं ब्लेड असेल तर सुरुवातीलाच वाकतंय आणि कोपऱ्याजवळ रेघ आकड्यासारखी वळते, म्हणून प्रत्येक मोठ्या माउंटला नवं ब्लेड, त्यात काटकसर नको. आणि खाली जो रद्दी पुठ्ठा घालतो तो पूर्ण लांबीचा अखंड पाहिजे. दोन तुकडे जोडून घातले तर जोडावर ब्लेड उडी मारतंय आणि वर बरोबर त्याच जागी बेव्हल फाटल्यासारखा दिसतो. अखंड पुठ्ठा म्हणजे मोठाच शीट, आधी बिघडलेला एखादा जपून ठेवायचा.

शिवाय हे काम एकट्याचं नाही. शीट उचलताना दोन माणसं लागतात, एका हातानं उचलला की मधेच मुडपतो आणि ती घडी परत जात नाही.

तासाचा खर्च असा काढा: दुकानाचा महिन्याचा खर्च, भाडं, लाईट, हप्ते, आणि स्वतःचा पगार. स्वतःचा पगार धरायचाच. समजा ५४,००० झाले. महिन्यात २६ दिवस दुकान उघडं, दिवसाला ८ तास, म्हणून २०८ नं भागायचा मोह होतो. पण गिऱ्हाईक बघणं, फोन, माल आणायला जाणं यात किती जातात? टेबलावर खरे तास मोजले तर माझे १२० च्या आसपास निघाले. ५४,००० भागिले १२०, तासाला ४५०. हाताखालच्या पोराचा पगार यात नाही, तो वेगळा धरतो, तासाला १२०.

पूर्ण हिशेब, एका कामाचा

एक रिटायर्ड सर आले होते, नाटकातला जुना ग्रुप फोटो मोठा करून आणलेला, ३० बाय ४८. चार इंची बॉर्डर, डबल माउंट पाहिजे. खिडकी २९॥ बाय ४७॥, बाहेरचं माप ३७॥ बाय ५५॥, मोठ्या शीटात बसतंय.

दोन शीट, १८५० प्रमाणं ३७००.
बिघाडाची तरतूद १० टक्के, ३७०. माझ्या वहीप्रमाणं दहा मोठ्या कामांत एक शीट वाया जातो, म्हणून दहा. तुमची वही वेगळं सांगत असेल तर ते धरा.
माझे अडीच तास, ११२५. पोराचा एक तास, १२०.
ब्लेड, टेप, बिजागरीचा (चित्र अडकवायचा) कागद वगैरे १५०.
एकूण ५४६५.
यावर ३० टक्के चढवले, ७१०४, म्हणजे सांगायचा भाव ७१००. जीएसटी तुमच्या नोंदणीप्रमाणं याच्यावर.

आता जुन्या पद्धतीनं बघा. ३७॥ बाय ५५॥ म्हणजे १४.४५ चौरस फूट. सिंगल माउंटला फुटाला १८० आणि डबलला ३६० घेत होतो, झाले ५२००. म्हणजे ५४६५ खर्च करून ५२०० घेतले असते, आणि वर खूश की आज पाच हजारांचं माउंटचं काम झालं. अशी किती कामं केली असतील मी, मोजायला बसलो नाही.

३० टक्क्यांचं एक नीट समजून घ्या. खर्चावर ३० चढवले म्हणजे विक्रीतले ३० मिळत नाहीत, २३ मिळतात. गिऱ्हाईकानं दहा टक्के कमी करा म्हटलं की ते विक्रीवर जातात, मग हातात खरंच थोडं उरतं. मोठ्या कामात मी भाव कमी करत नाही, काम कमी करून देतो, ते पुढं सांगतो.

खर्च खरोखर वाचतो ती जागा

डबल माउंटमध्ये आतला माउंट बाहेरच्याएवढा असावाच लागतो असं नाही, त्याची दिसते ती फक्त दोन सुताची रेघ. मघाचं २४ बाय ३६ चं काम घ्या, चार इंची बॉर्डर. वरचा माउंट ३१॥ बाय ४३॥, त्याला मोठा शीट लागणारच. पण आतला माउंट दोन इंची बॉर्डरचा केला तर २७॥ बाय ३९॥, लहान शीटात निघतो. बाजूनं जी जागा मोकळी राहते तिथं त्याच जाडीच्या कात्रणाच्या पट्ट्या चिकटवायच्या, नाहीतर कडेला पोकळी राहून वरचा बोर्ड दबतो. समोरून काडीचा फरक दिसत नाही. सरांच्या कामात हे जमत नव्हतं, खिडकीच ४७॥ इंच, लहान शीट पुरणार कुठनं.

पटकन भाव सांगायचा तक्ता

काउंटरवर प्रत्येक वेळी एवढा हिशेब होत नाही, म्हणून तक्ता करून भिंतीला लावलाय. बाहेरच्या मापाची लांबी अधिक रुंदी. ३१॥ आणि ३९॥ मिळून ७१, तिथपर्यंत नेहमीचा भाव. ७१ ते ९९ मोठ्या शीटचा भाव, सिंगलचा एक आकडा आणि डबलचा एक, मधे इंचाइंचाचे भाव नाहीत कारण शीट पूर्णच लागतोय. ९९ च्या पुढं भाव तोंडी सांगायचाच नाही, दुसऱ्या दिवशी फोन करतो म्हणायचं.

पण नुसत्या बेरजेवर जाऊ नका. २० बाय ७० चा तालमीचा फोटो आला तर बेरीज ९० होते आणि तक्ता म्हणतो बसतंय, शीट मात्र साठचाच आहे. ४० बाय ३० ची बेरीज ७० पण लहान शीटात ४० मिळतच नाही, ३९॥ मिळतंय. बेरीज बघा आणि मग दोन्ही बाजू वेगवेगळ्या शीटवर ताडून बघा, दोन्ही.

शीटच्या बाहेर गेलं तर

समजा चित्र ३६ बाय ५४ आणि बॉर्डर चार इंची. खिडकी ३५॥ बाय ५३॥, बाहेरचं माप ४३॥ बाय ६१॥. कुठल्याच शीटात नाही. पहिलं विचारा की बॉर्डर कमी चालेल का. दोन इंच केली तर ३९॥ बाय ५७॥, मोठ्या शीटात बसलं, आणि निम्म्या वेळा काम इथंच मिटतं.

नसेल चालत तर पट्ट्या कापून कोपऱ्यात ४५ अंशात जोडायच्या. बोर्ड कमी लागतो पण मजुरी दुप्पट धरा, आणि जोड दिसणार हे बिलावर लिहून सही घ्या. कितीही बारीक जुळवला तरी पावसाळ्यात केसभर फट पडतेच, आधी सांगितलं तर ती कारागिरी आणि नंतर सांगितलं तर सबब. मला स्वतःला जोडमाउंट आवडत नाही, मी शक्यतो टाळतो.

त्यापेक्षा लाकडी चपट्या पट्टीवर कापड चढवून आतली चौकट करतो. खादी, कच्चं रेशीम, आणि आपल्याकडं खणाचं कापड काय सुंदर दिसतं जुन्या फोटोला. पट्टी सुताराकडून, कापड आपलं, लांबीला मर्यादा नाही. भाव काढताना कापड पन्ह्याप्रमाणं पूर्ण मीटरात धरा, आणि पट्टीच्या पायरीवर अस्तराचा कागद घाला म्हणजे लाकूड फोटोला लागत नाही. तिसरा मार्ग माउंट न लावता काचेखाली आतून पट्टी घालून अंतर ठेवायचं. स्वस्त पडतं, साध्या पोस्टरला चांगलंच आहे.

काचेचा भाव वेगळा लावता हे ठीक, पण निर्णय माउंटबरोबरच घ्या. सरांच्या मापाला ४ मिलिमीटरची काच साधारण साडेतेरा किलो भरते, ३ मिलिमीटरचं अॅक्रिलिक पाच किलोच्या आत. पण एवढं मोठं अॅक्रिलिक मधे पोट काढतं, सिंगल माउंटची जाडी दीड मिलिमीटर, मग मधोमध ते फोटोला टेकतं. अॅक्रिलिक असेल तर डबल माउंट किंवा अंतराची पट्टी, आणि ते पैसे पहिल्याच भावात.

गिऱ्हाईकाला सांगणं

सरांना आकडा सांगितला तर म्हणाले, "अहो, नुसत्या पुठ्ठ्याचे सात हजार?"

मी वाद घातला नाही. पोराला बोलावून मोठा शीट काउंटरवर आडवा टाकला आणि त्यावर त्यांचा फोटो ठेवला. "सर, हा एक शीट. चारी बाजूंनी चार इंच सोडले की उरतंय ते हे एवढं. असे दोन लागतात." त्यांनी स्वतः हात फिरवून बघितलं, कडेला उरलेली पट्टी बोटांनी मोजली. मग म्हणाले, "मग एकात नाही का होणार?"

होतं की. सिंगलला एक शीट आणि त्याची तरतूद मिळून २०३५, माझा दीड तास ६७५, पोराचे १२०, बाकी १००, एकूण २९३०, त्यावर ३० टक्के, ३८००. अॅक्रिलिकऐवजी काच घेतली, पाठीमागं आणि भिंतीत दोन मजबूत हूक, आणि काम झालं. म्हणून म्हणतो भाव कमी करू नका, काम कमी करून दाखवा, गिऱ्हाईकाचे पैसे वाचतात आणि आपला तासही जात नाही. नेहमी दोन-तीन भाव तयार ठेवा आणि शीट दाखवा. तोंडी आकड्यापेक्षा डोळ्यासमोरचा शीट लवकर पटतो.

ठरलं की बिलावर लिहा: चित्राचं माप, खिडकी, बॉर्डर, बोर्डाचा रंग आणि नंबर, आधीचे डाग आणि घड्या. मोबाईलवर समोरचा मागचा फोटो काढा. शीट मागवायचा असेल तर मालाचे पूर्ण पैसे ॲडव्हान्स, कारण कापलेला किंवा मागवलेला मोठा शीट दुसऱ्या कुणाच्या कामाला येत नाही.

उरलेलं कुणाचं

खिडकीतला मधला तुकडा, सरांच्या कामात २९॥ बाय ४७॥ चा, चांगला मोठा असतो. भाव काढताना तो वजा करू नका. कधी कामाला येईल, येईल की नाही, माहीत नाही, आणि तोपर्यंत जागा अडवून उभा राहतो. मी त्यातनं नेहमीच्या मापाचे तयार माउंट कापून ठेवतो, वेगळ्या वहीत नोंद करून. पण गिऱ्हाईकानं मागितला तर मी देतो, त्यानं पूर्ण शीटचे पैसे दिलेत, तो त्याचाच आहे. कुणी क्वचितच मागतं.

पोच

भाव सांगायच्या आधी विचारा, लावायचं कुठं. वाड्यातला लाकडी जिना असेल, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट असेल, तर टेप घेऊन एक चक्कर मारून या. ३७॥ बाय ५५॥ ला दोन इंची पट्टी चारी बाजूंनी चढली की फ्रेम ४१ बाय ५९ च्या घरात जाते आणि जिन्याच्या वळणावर अडकली की परत खाली, दुपार गेली. छोटा हत्ती, दोन माणसं, ब्लँकेटं, भिंतीला ड्रिल, हे सगळं वेगळ्या ओळीत लावा, माउंटच्या भावात मिसळू नका. आणि पोचवून आल्यावर त्याच दिवशी वहीत लिहा खरे तास किती लागले. सरांच्या कामाला मी दीड धरले होते, लागले पावणेदोन, आता सिंगलला पावणेदोनच धरतो.